सायकलच्या क्रँकचा मोडका बोल्ट



सायकलच्या पायट्याचा दांडा, ज्याला दुकानांत सर्वत्र क्रँक म्हणतात, तो मधल्या आंसाला कशानें धरून ठेवलेला असतो, हा प्रश्न सायकलवर बसणाऱ्या माणसाला सहसा पडत नाहीं. तो पडतो दांडा डुलूं लागल्यावर. चढावर जोर दिला असतां पायाखालीं ‘कट्’ असा आवाज होतो. दुसऱ्या दिवशीं दांडा किंचित् हलतो. तिसऱ्या दिवशीं पाहावें तों दांड्याच्या तोंडाशीं जो बोल्ट असावयाचा, त्याचें डोकें नाहींसें झालेलें असतें आणि धड आंसाच्या पोटांत गाडलेलें राहिलेलें असतें. पाना लावावयास डोकें नाहीं, पक्कड धरावयास टोंक नाहीं. अशा वेळीं पुष्कळ जुन्या सायकली भंगारांत जातात. बोटाच्या दोन पेरांएवढ्या लोखंडी तुकड्यापायीं तीस-तीस वर्षें इमानानें चाललेलें वाहन मोडींत निघावें, ही गोष्ट मला फार विषम वाटते. म्हणून आज मी या तुकड्याविषयीं बोलणार आहें. तो तेथें कसा आला, तो कां मोडतो, आणि त्याला बाहेर काढण्यासाठीं जीं हत्यारें लागतात तीं कोणी व कां घडविलीं, असा हा थोडासा इतिहास आहे.

सायकलीवर लिहिणारे ग्रंथकार बहुधा चाकें, टायर व साखळी यांविषयीं लिहितात, सांध्यांविषयीं क्वचितच. पॅरिस येथें मिशो यांच्या कारखान्यांत १८६० नंतरच्या दशकांत ज्या लोखंडी-लांकडी दुचाक्या होऊं लागल्या, त्यांचे दांडे पुढच्या चाकाच्या आंसालाच जोडलेले असत. पिअर लालमाँ या फ्रेंच कारागिरानें अशाच गाडीचें पेटंट १८६६ सालीं अमेरिकेंत घेतलें. पुढें १८८५ सालीं इंग्लंडांत कॉव्हेंट्री येथें जॉन केंप स्टार्ली यानें ‘रोव्हर’ नांवाची सायकल काढली. तिच्यांत दांडे दोन्ही चाकांच्या मधोमध आले व मागचें चाक साखळीनें फिरूं लागलें. आपली नेहमींची सायकल ही या रोव्हरचीच नात होय.

इतकें सर्व बदललें, पण एक अडचण जशीच्या तशी राहिली. दांडा आंसावर इतका घट्ट बसला पाहिजे कीं माणसाच्या सगळ्या भारानें तो केसभरही सरकूं नये. आणि तोच दांडा वेळप्रसंगीं निघालाही पाहिजे, कारण आंतले छर्रे झिजतात, वाट्या घासतात, आंस बदलावा लागतो. घट्ट बसणें आणि सहज निघणें या दोन मागण्या एकमेकींच्या वैरिणी आहेत. माझ्या मतें कारखानदारांनीं पहिल्या मागणीकडे जितकें लक्ष दिलें, त्याच्या चतुर्थांशानेंही दुसरीकडे दिलें नाहीं. दांडा बसविणारा माणूस कारखान्यांत त्यांच्या डोळ्यांसमोर असतो. काढणारा रस्त्याच्या कडेला झाडाखालीं बसलेला असतो, आणि त्याचें मत कोणी विचारीत नाहीं. अमेरिकेंत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फॉबर नांवाच्या गृहस्थानें दोन्ही दांडे व आंस मिळून एकच वांकविलेली पोलादी कांब करून हा सांधाच नाहींसा केला. सांधा नाहीं तर मोडेल काय, असा त्यांत हिशेब होता. पण ती कांब जड, व कोठें वांकली तर सगळीच बदलावयाची. इतरत्र सांधा राहिलाच.

या अडचणीवर मनुष्यानें फार प्राचीन काळीं शोधलेला उपाय म्हणजे पाचर. कुऱ्हाडीचा दांडा डोक्याकडून पाचर मारून घट्ट करतात. जात्याचा खुंटा डुलूं लागला कीं त्यालाही पाचर ठोकतात. पाचर निमुळती असल्यामुळें थोड्या आघातानें पुष्कळ दाब उत्पन्न करते, आणि तिचा उतार पुरेसा मंद असला तर ती आपण होऊन मागें सरत नाहीं. वाफेच्या इंजिनांतील मोठमोठे दांडे जोडण्यासाठीं हीच पाचर पोलादाची करून वापरीत. तिला ते लोक ‘कॉटर’ म्हणत. तेंच साधन, त्याच नांवानें, सायकलींत आलें व १८९० नंतरच्या पिढ्यांत सर्वत्र रूढ झालें.

आपल्याकडील काळ्या सायकलीचा क्रँक पाहावा. दांड्याच्या मुळाशीं आंसाला आडवें असें एक भोंक असतें. त्यांतून सुमारें साडेनऊ मिलिमीटर जाडीची एक पोलादी खीळ गेलेली असते. खिळीची एक बाजू उतरती तासलेली असते आणि आंसावरही तेथें एक सपाट खांच असते. ही उतरती बाजू त्या खांचेवर रुतून बसली कीं दांडा व आंस एकजीव होतात. खिळीच्या बारीक टोंकाला आटे असून त्यांवर नट असतो. येथें पुष्कळांचा असा समज होतो कीं नट आवळल्यानें कॉटर घट्ट बसतो. तसें नाहीं. कॉटर घट्ट बसतो तो हातोड्यानें. नट त्याला केवळ मागें सरूं देत नाहीं. नटाच्या जोरावर कॉटर ओढून घेणारा माणूस शेवटीं त्याचें शेंपूटच तोडतो. आणखी एक सूचना: दोन्ही बाजूंचे कॉटर परस्परांच्या उलट दिशांनीं घालावे लागतात, नाहीं तर दोन दांडे एका रेषेंत येत नाहींत, व बसणारा लंगडत चालल्यासारखी सायकल चालवितो.

कॉटर काढणें ही दिसावयास रांगडी पण करावयास नाजूक विद्या आहे. आधीं नट सैल करून आट्यांच्या टोंकाच्या पातळीला आणावा, म्हणजे घाव आट्यांवर पडत नाहीं. मग दांड्याखालीं लोखंडी नळीचा तुकडा जमिनीवर उभा करून त्यावर दांडा टेकवावा. कॉटरचें डोकें नळीच्या पोकळींत मोकळें राहिलें पाहिजे. हा टेकू नसेल तर हातोड्याचा घाव थेट छर्र्यांवर जातो आणि वाट्यांत खळगे पडतात. मग एक नेमका, जड घाव. दहा हलके घाव कॉटरला वांकवितात व भोंकांत अडकवितात. एक पुरा घाव त्याला काढतो. शेंपूट तुटलेंच तर कॉटरच्या मधोमध ड्रिलनें भोंक पाडावें. पोकळ झालेला कॉटर आंतल्या आंत दबतो व पंचानें ढकलतां येतो. कॉटर मऊ पोलादाचा असल्यामुळें हें साधतें.

पुणें हें एके काळीं सायकलींचें शहर म्हणून प्रसिद्ध होतें, हें माझ्या वयाच्या श्रोत्यांना सांगावयास नको. त्या असंख्य सायकली बव्हंशीं कॉटरवरच चालल्या. आधीं त्या इंग्लंडांतून येत. मग १९३९ सालीं मुंबईस हिंद सायकल्स, १९४९ सालीं मद्रासला टी. आय. सायकल्स, १९५१ सालीं सोनपतला अ‍ॅटलस, १९५६ सालीं लुधियान्यास हीरो, असे कारखाने आपल्या देशांत उभे राहिले. पण कॉटर हलला नाहीं. तो मागासलेपणामुळें राहिला, असें म्हणण्याची चाल आहे. मला तें पटत नाहीं. ज्या देशांत दुरुस्तीचें दुकान म्हणजे एक पेटी, एक पंप व एक हातोडा, तेथें हातोड्यानें बसणारा व हातोड्यानेंच निघणारा सांधा टिकला यांत मला शहाणपणच दिसतें.

आतां ज्या बोल्टाविषयीं मी बोलावयास बसलों, त्याकडे येतों. युरोपांत शर्यतीच्या सायकलींना कॉटरचें वजन व त्याची ठोकाठोक नकोशी झाली होती. दांडेही पोलादाऐवजीं हलक्या अ‍ॅल्युमिनियमचे करावयाचे होते, आणि अशा मऊ धातूंत कॉटरचें भोंक पाडणें धोक्याचें. फ्रान्सांत सँतेत्येन या गांवीं बंदुका व सायकली हे दोन्ही धंदे जुने. तेथील ‘स्ट्राँगलाइट’ या कारखान्यानें १९३३ सालीं कॉटरविरहित क्रँक काढला. त्यांत आंसाचें टोंक चौकोनी व निमुळतें असतें. प्रत्येक बाजू आंसाच्या रेषेशीं अवघे दोन अंश कलती. दांड्यांतही तसेंच चौकोनी भोंक. आंसाच्या टोंकांत आटे पाडलेले असतात, आणि त्यांत बसणारा बोल्ट दांड्याला त्या निमुळत्या चौकोनावर ढकलीत नेतो. म्हणजे पाचर गेली नाहीं; आंसाचें टोंकच पाचर झालें, आणि हातोड्याचें काम बोल्टाकडे आलें. पुढें हीच रीत जगभर पसरली. या शतकांत तिच्याही जागीं पोकळ आंसाच्या नव्या रीती आल्या आहेत. पण गेल्या पन्नास-साठ वर्षांतील हलक्या सायकलींपैकीं फार मोठ्या संख्येंत हाच चौकोनी सांधा सांपडतो.

या बोल्टावर किती बोजा असतो, त्याची कल्पना यावी म्हणून एक हिशेब सांगतों. तो सुमारें चाळीस न्यूटन-मीटर इतका आवळावयाचा असतो. म्हणजे एक फूट लांबीच्या पान्याच्या टोंकाला तेरा-चौदा किलोंचा भार लावावा इतका. त्या पिळानें आठ मिलिमीटर जाडीच्या त्या बोल्टांत दोन टनांच्या आसपास ताण उत्पन्न होतो. करंगळीहून बारीक सळईला दोन टनांचें वजन टांगल्यासारखें हें झालें. त्याच्या सामर्थ्याच्या सीमेजवळच त्याला राबवावें लागतें. ज्याला लांब नळी पान्यावर चढवून आणखी थोडें आवळण्याची हौस असते, त्याच्या हातून तो तुटल्यास नवल नाहीं.

परंतु आवळतांना तुटणें हा एक प्रकार. चालतां चालतां तुटणें हा दुसरा, आणि त्याचा इतिहास मोठा भयंकर आहे. १८४२ सालच्या मे महिन्याच्या ८ तारखेस व्हर्सायहून पॅरिसला परतणाऱ्या गर्दीच्या आगगाडीच्या पुढच्या इंजिनाचा आंस मोडला. डबे एकमेकांवर चढले, पेटले. आणि डब्यांना बाहेरून कुलुपें असल्यामुळें पन्नासांहून अधिक माणसें आंत जळून मेलीं. दक्षिण ध्रुवाकडील समुद्र धुंडाळून सुखरूप परत आलेला दर्यावर्दी द्युमाँ द्युर्व्हिल हा आपल्या बायकोमुलासह त्यांत होता. चांगल्या लोखंडाचा, पुरेसा जाड आंस कां मोडावा, हा प्रश्न मग विद्वानांपुढें आला. स्कॉटलंडच्या विल्यम रँकिन यानें मोडलेले आंस तपासून १८४३ सालीं दाखविलें कीं भेग आंसाच्या तीक्ष्ण कोपऱ्याशीं जन्म घेते व हळूहळू आंत शिरते. जर्मन इंजिनिअर ऑगस्ट वोलर यानें पुढें अनेक वर्षें प्रयोग करून, त्यांचे निष्कर्ष १८७० पर्यंत प्रसिद्ध करून सिद्ध केलें कीं एका आघातानें जें मोडत नाहीं, तें त्याहून कितीतरी लहान पण लक्षावधि वेळां फिरून फिरून येणाऱ्या आघातांनीं मोडतें. धातूही थकतो, असें यांत्रिक लोक म्हणूं लागले.

आपल्या सायकलच्या बोल्टाची गोष्ट हीच आहे. घट्ट बसलेल्या बोल्टापर्यंत पायाच्या प्रत्येक फेऱ्याचा धक्का फारसा पोंचत नाहीं. सांध्याचा दाबच तो झेलतो. बोल्ट सैल असेल तर मात्र दांडा चौकोनावर सूक्ष्म हलतो, आणि प्रत्येक फेऱ्याला बोल्टाच्या मानेला एक झोल बसतो. डोक्याखालचा कोपरा किंवा पहिला आटा, या दोहोंपैकीं एका ठिकाणीं भेग पडते. रँकिननें दाखविलेला तीक्ष्ण कोपरा तो हाच.

म्हणून मोडलेल्या बोल्टाशीं पहिलें काम हत्याराचें नसून डोळ्यांचें आहे. माझ्या नोकरीच्या गांवीं शाळेच्या फाटकाबाहेर एक सायकलवाला बसत असे. त्याचें शिक्षण चौथीच्या पुढें गेलें नव्हतें. मोडका बोल्ट घेऊन कोणी गेलें म्हणजे तो आधीं चष्मा पुसून तुकड्याचें तोंड उन्हांत धरून पाही. ‘गुरुजी, आधीं तुटलेलें वाचूं द्या, मग हत्यार,’ असें तो मला म्हणे. वोलरचें नांव त्यानें ऐकलेलें नव्हतें. पण तो वाचीत असे तें वोलरचेंच शास्त्र. तुटलेल्या तोंडाचा एक भाग गुळगुळीत, काळसर, ओहोटीनंतर वाळूवर राहणाऱ्या रेषांसारख्या बारीक कमानींचा, आणि उरलेला भाग खरबरीत व चकचकीत असेल, तर बोल्ट थकून मेला असें समजावें. तो आधींच सैल होता. आंतला तुकडा बहुधा सहज निघेल. सगळेंच तोंड ताजें व भोंवऱ्यासारखें पिळलेलें दिसत असेल तर तो पिळून तुटला. आवळतांना तुटला असेल तर आटे स्वच्छ असतील. सोडवितांना तुटला असेल, तर गंजानें त्याला आंत पक्कें धरलेलें आहे, आणि काम कठीण.

कसाही तुटला असला, तरी एक गोष्ट आपल्या बाजूची असते, व हीच या सगळ्या विद्येची किल्ली आहे. डोकें तुटल्याबरोबर बोल्टांतला दोन टनांचा ताण नाहींसा होतो. आंत राहिलेला तुकडा कशालाही आवळून बसलेला नसतो. त्याला धरून ठेवणारा फक्त गंज किंवा धूळ. मग जोर करणें व्यर्थ. गंजाला वेळ द्यावा लागतो. शहरांतल्या एका मोठ्या दुकानांत अशी सायकल घेऊन गेलों असतां तेथील तरुणानें पाहिल्या न पाहिल्यासारखें करून सांगितलें कीं सगळा संच बदला. दुकानाचा त्यांत फायदा आहे; पण सायकलची गरज तेवढी मोठी नसते.

प्रथम दांडा काढावा, मग तुकडा. हा क्रम पुष्कळजण उलटा करतात आणि खोल विहिरींत हात घातल्यासारखे दांड्याच्या तोंडांतून आंधळेपणानें काम करीत बसतात. बोल्ट गेला तरी दांडा चौकोनावर रुतून राहतो, कारण दोन अंशांचा उतार इतका मंद कीं घर्षण त्याला सोडीत नाहीं. तो काढावयास पुलर लागतो. पुलराचें बाहेरचें कवच दांड्याच्या तोंडांतील आट्यांत बसतें व मधला दांडू आंसाला ढकलतो. हे आटे बहुतेक सर्व क्रँकांत २२ मिलिमीटरचे असतात. पण जुन्या स्ट्राँगलाइटचे २३.३५ आणि टी. ए. या दुसऱ्या फ्रेंच कारखान्याचे २३. जुनी फ्रेंच सायकल हातीं आल्यास मोजल्याशिवाय पुलर लावूं नये, आणि कोणत्याही सायकलींत तो शेवटच्या आट्यापर्यंत बसवूनच फिरवावा. अर्धवट बसलेला पुलर अ‍ॅल्युमिनियमचे आटे उपटून आणतो. तुकडा आंसाच्या तोंडाबाहेर किंचित् डोकावत असेल तर पुलराचा दांडू त्यावरच टेकतो व त्याला चेपतो. अशा वेळीं तुकड्याभोंवतीं एक-दोन जाड वायसर ठेवावे, म्हणजे दाब आंसाच्या कांठावर येतो. बोल्टाशिवाय सायकल तशीच चालवून दांडा आपोआप सैल करण्याची एक युक्ति प्रचलित आहे. दांडा सैल होतो खरा, पण त्याचें चौकोनी भोंकही गोल होऊं लागतें. ही युक्ति मी कोणास सुचविणार नाहीं.

दांडा निघाला कीं अर्धें काम झालें. आतां डोकावणारें टोंक दिसतें. त्याला पक्कडींत घट्ट धरून फिरवावें, किंवा करवतीनें खांच पाडून पेचकस लावावा. त्यापूर्वीं तेल सोडून एक रात्र जाऊं द्यावी. तेल पातळ हवें. जाड ग्रीस भेगांत शिरत नाहीं. न निघाल्यास आंस बाहेर काढून शेगड्यांत धरावा, ज्योतीनें टोंक तापवावें, निवूं द्यावें, पुन्हां तेल द्यावें. तापून फुगणें व निवून आक्रसणें यांत गंजाची पकड फुटते. तुकडा आंत खोल असेल तर टोंकदार पंच कडेला टेकवून डावीकडे हलके हलके ठोकावें.

डावीकडे, असें मी म्हणालों. येथें पायडलाची आठवण होऊन कित्येक जण गोंधळतात. डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात. पायडलाचे छर्रे फिरतां फिरतां त्याच्या आंसाला उलट्या दिशेनें हळूहळू सरकवितात, व सरळ आटे असतील तर डावें पायडल चालतां चालतां सुटतें. विमान उडविण्यापूर्वीं डेटन येथें सायकली बनविणारे राइट बंधू आपल्या डाव्या पायडलास उलटे आटे देत, व त्याची जाहिरातही करीत. पण क्रँकच्या बोल्टाला छर्रे नाहींत. दांडा व आंस एकत्रच फिरतात. म्हणून तेथें दोन्ही बाजूंचे आटे सरळ, आणि दोन्ही बोल्ट डावीकडे फिरविले असतांच सुटतात.

एवढ्यानेंही न निघाल्यास ड्रिल घ्यावें. पिळाचें ड्रिल अमेरिकेंत स्टीफन मोर्स यानें १८६३ सालीं पेटंट केलें. त्यापूर्वीं सपाट पात्याचें ड्रिल वापरीत. तें चुरा बाहेर टाकीत नसे व सरळही जात नसे. मोर्सच्या ड्रिलाचे पीळ चुरा आपोआप वर आणतात. तुटलेलें तोंड खडबडीत असल्यामुळें आधीं तें सपाट करावें, मध्यबिंदूवर पंचाची खूण करावी, तीन मिलिमीटरपासून आरंभ करावा, गति मंद ठेवावी, तेल देत राहावें. तुकडा खोल असल्यास त्याच आट्यांचा एक बोल्ट लेथवर पोकळ करवून आंत बसवावा. ड्रिल त्याच्या पोकळींतून गेलें म्हणजे मध्य सुटत नाहीं. उलट्या पिळाचें ड्रिल मिळालें तर फारच उत्तम. कारण तें भोंक पाडतां पाडतां तुकड्याला सुटण्याच्याच दिशेनें ओढतें, आणि पुष्कळ वेळां तुकडा ड्रिलाला लागून अचानक बाहेर येतो. तो क्षण ज्यानें पाहिला आहे, त्याला त्याचें सुख सांगावयास नको.

तुकड्याच्या भोंकांत उलट्या आट्यांचा निमुळता एक्स्ट्रॅक्टर घालून फिरविणें ही शेवटून दुसरी पायरी. यांत एक मोठा धोका आहे. एक्स्ट्रॅक्टर अति कठीण पोलादाचा असतो. तो आंत तुटला तर त्याला साधें ड्रिल लागत नाहीं, व मग आंस टाकूनच द्यावा लागतो. हाताला तो पिळल्यासारखा, स्प्रिंगसारखा वाटूं लागतांच थांबावें व पुन्हां तेल-ज्योतीकडे वळावें. अगदीं शेवटीं ड्रिल सात मिलिमीटरपर्यंत वाढवून बोल्टाची नुसती साल उरवावी, ती टोंचून काढावी, आणि टॅप फिरवून आटे साफ करावे.

हा टॅप मात्र योग्य हवा, आणि येथें एक जुनें भांडण आपल्या कामांत येतें. १८४१ सालापूर्वीं इंग्लंडांत प्रत्येक कारखान्याचे आटे निराळे असत. जोसेफ व्हिटवर्थ यानें अनेक कारखान्यांतील स्क्रू गोळा करून, त्यांची सरासरी काढून, पंचावन्न अंशांच्या कोनाचे आटे सर्वांनीं वापरावे अशी सूचना केली. १८६४ सालीं अमेरिकेंत विल्यम सेलर्स यानें साठ अंशांचा आग्रह धरला. फ्रान्स मीटरच्या मापावर गेला. सायकलवाल्यांना यांपैकीं सर्वसामान्य जाडे आटे पुरेनात. त्यांच्या लहान, पातळ भागांना बारीक आटे हवे होते. त्यामुळें क्रँकच्या बोल्टाचे आटे आठ मिलिमीटर जाडीला एक मिलिमीटर अंतराचे असतात, व बाजारांतल्या साध्या आठ मिलिमीटर बोल्टाचे सव्वा मिलिमीटर अंतराचे. दोन्ही डोळ्यांना सारखेच दिसतात. साधा बोल्ट दोन फेरे जातो, मग अडतो. आणि घाईंतला माणूस पाना लावून त्याला पुढें रेटतो. मग इतक्या परिश्रमानें वांचविलेले आटे त्या एका रेट्यांत जातात. नवा बोल्ट बोटांनींच शेवटपर्यंत गेला पाहिजे. तो गेला नाहीं तर तो आपला नव्हे.

किती खटाटोप करावा यासंबंधीं माझें मत स्पष्ट आहे. आंस ही स्वस्त वस्तु आहे, दांडा महाग. आणि जुन्या सायकलचा जोडीदार दांडा पुष्कळदां मिळतच नाहीं. तेव्हां दांड्याला ओरखडाही न येतां तो निघाला कीं जिंकलों असें समजावें. तुकडा दोन संध्याकाळींत न निघाल्यास आंस नवा आणावा; मात्र तो जुन्याच्या लांबीचा असावा, नाहीं तर साखळीची रेषा चुकते.

बसवितांना चौकोन पुसून कोरडा करावा, बोल्टाच्या आट्यांना व डोक्याखालीं किंचित् ग्रीस लावावें, सांगितलेल्या मापानें आवळावें, आणि आठ-दहा दिवस सायकल चालवून झाल्यावर पुन्हां एकदां पाना लावून पाहावें. कारण नवा बसलेला दांडा आरंभीं थोडा आणखी आंत सरकतो व बोल्ट तेवढा सैल पडतो. शेवटीं दांड्याच्या तोंडावरची टोपी. ती बहुतेक जुन्या सायकलींवरून हरवलेली असते, व तेथूनच पावसाचें पाणी बोल्टापर्यंत पोंचतें. टोपी न मिळाल्यास मेणबत्तीचें मेण मऊ करून तोंडांत बोटानें दाबून बसवावें. पुढच्या वेळीं तें पेचकसाच्या टोंकानें सहज निघतें.